उघडा तळवा

सन दोन हजार बावीस. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या नातीचा हात मी बिघडवला असा आरोप माझ्यावर आला. आरोप खरा होता. पण तो कबूल करायला मला बरेच दिवस लागले.

आधी घरचं सांगतो. आमचं घर दापोऱ्यात, बुऱ्हाणपूरजवळच. केळीची शेती. समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं, तरी गावात आमच्या घराला नेव्हीवाल्यांचं घर म्हणतात. ते माझ्यामुळं. पाचवी पास झालो, सहावीला दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायला लाज वाटली, आणि अठराव्या वर्षी नेव्हीत स्वयंपाकी म्हणून लागलो. पंधरा वर्षं जहाजावर भात शिजवला, पोळ्या लाटल्या, जहाज डोलत असताना उकळतं वरण न सांडता उतरवलं. माझा मुलगा माझ्यापेक्षा जास्त शिकला. तो इंजिनाकडे गेला, आणि तेव्हा नोकरीतच होता, विशाखापट्टणमला. म्हणजे दोन पिढ्या नेव्हीत गेल्या, पण दोघंही सल्यूट ठोकणारे. ज्याला लोकांनी सल्यूट ठोकावा असं आमच्या घरात कुणी झालं नव्हतं.

मुलाची पोरगी चौथीत असताना आमच्याकडे आली. तिकडं भाषा वेगळी, शाळा वेगळी, म्हणून मुलगा म्हणाला की शिक्षण होईपर्यंत तुमच्याकडे ठेवा. पहिल्याच सकाळी ती दप्तर घेऊन दारातून निघाली, तेव्हा मी तिला थांबवलं. नेव्हीवाल्यांच्या घरातलं पोर असं मान खाली घालून बाहेर जात नाही, म्हटलं. खुंटीवरची माझी जुनी पांढरी टोपी तिच्या डोक्यावर घातली, कारण डोक्यावर काही नसेल तर सल्यूट होत नाही. टोपी तिच्या कानांवर आली. मग तिला सल्यूट शिकवला. तिनं केला, मी घेतला, आणि मगच ती शाळेत गेली. पुढं चौदा वर्षं ती दारातून निघाली की आधी सल्यूट, मग चप्पल. तापात असली तरी. कॉलेजात गेली, बुऱ्हाणपूरला बसनं जायला लागली, तरी. बस हॉर्न वाजवायची आणि ती दारात ताठ उभी असायची.

आता नेव्हीचा सल्यूट कसा असतो ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्यात हात वर जातो, पण पंजा खाली झुकलेला असतो. समोरच्याला तळवा दिसत नाही. जुन्या खलाशांचे हात डांबराचे, दोरांचे, तेलाचे असायचे, असले काळे तळवे साहेबाला दाखवू नयेत म्हणून ही पद्धत पडली, असं आम्हाला सांगितलं होतं. मला ते पटायचं, कारण माझा तळवा कायम तव्याच्या काजळीनं भरलेला. आर्मीचं उलटं. त्यांचा तळवा सरळ समोर, पूर्ण उघडा. मी नेहमी म्हणायचो की हे लोक सल्यूट करतात की गाड्या थांबवतात.

हे म्हणणं मला पुढं महागात पडलं. नातीच्या कॉलेजात कॅडेट पोरापोरींची परेड होती. तिला जायचं होतं. मी विचारलं, हात कसा शिकवतात? ती म्हणाली, आर्मीसारखा. मी म्हटलं, मग नाही. हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला समजावलं की पोरीचं मन मोडू नका. मी ऐकलं नाही. घरात चांगला हात शिकवलाय, तो बाहेर जाऊन बिघडवायचा कशाला. एवढा साधा माझा हिशोब.

पोरगी अफसर होणार हे मात्र मी आधीच ठरवलं होतं. आणि नेव्हीतच. तिला विचारलं नव्हतं. तिनं दोन्हीकडचे फॉर्म भरले आणि आर्मीचं बोलावणं आधी आलं तेव्हा तिनं ते घेतलं. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी तिनंच विषय काढला. लहानपणी तिच्या बापानं तिला जहाजावर फिरायला नेलं होतं, घरच्यांना बोलावतात तसं. बंदर सोडल्यापासून परत बंदराला लागेपर्यंत ती ओकत होती. दोन पिढ्यांच्या नेव्हीवाल्यांची पोरगी, आणि सगळ्या जहाजासमोर. हे तिच्या बापानं मला कधी सांगितलंच नव्हतं.

मी म्हटलं, सकाळी काय खाल्लं होतंस?

"आबा, इडलीचा दोष नाही," ती म्हणाली. "मला जमीन लागते पायाखाली. बस."

तर ती आर्मीच्या अकादमीत गेली, दूर दक्षिणेला. फोन रविवारी यायचा. कितीला उठवतात, किती पळवतात, जेवायला किती मिनिटं मिळतात, सगळं सांगायची. जेवण कसं असतं हे मी दर वेळी विचारायचो आणि ती म्हणायची, आबा, चव बघायला वेळ कुठं असतो. पण तीन-चार रविवारांनंतर माझ्या लक्षात आलं की ती माझ्याशी थोडं बोलते आणि मग म्हणते, आजीला द्या. आणि आजी फोन घेऊन गोठ्याकडे जाते.

पहिली टर्म संपली आणि ती सुट्टीवर यायची होती, त्याच्या आदल्या दिवशी हिनं मला सांगितलं. अकादमीत सल्यूटची परीक्षा असते. ती पास होईपर्यंत रविवारी बाहेर सोडत नाहीत. आमची पोरगी दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा हाताकडे लक्ष ठेवून कशीबशी निघाली. पण अचानक कुणी साहेब समोर आला की हात आपोआप जुन्या वळणावर जातो, पंजा खाली. आता दुसऱ्या टर्मच्या सुरुवातीला पुन्हा एक परीक्षा होणार होती, न सांगता घेतात ती. कुठूनही कुणीही येणार आणि हात बघणार. त्यात चुकली तर ती मागच्या तुकडीत जाणार. म्हणजे सहा महिने मागं, बरोबरीच्या पोरी अफसर होऊन जाणार आणि ती तिथंच.

मी म्हटलं, आमचा सल्यूट चुकीचा आहे का?

ही म्हणाली, "चुकीचा नाही. तिचा नाही."

नात दुसऱ्या दिवशी आली. पोरगी वाळली होती, उन्हानं काळी झाली होती, केस कानापर्यंत कापलेले. पाठीवर बॅग, डोक्यावर अकादमीची टोपी. मी सवयीनं दारात उभा राहिलो, पाठ ताठ केली, सल्यूट घ्यायला. तिनं बॅग खाली ठेवली, टोपी काढून हातात घेतली आणि वाकून पाया पडली. मग उभी राहून म्हणाली, "आबा, राग नका मानू. ही सुट्टी तुम्ही माझा सल्यूट घेऊ नका. हात सुधारेपर्यंत."

मी आत जाऊन बसलो. अपमान झाला तर माणूस ओरडतो, पण इथं ओरडायला जागाच नव्हती.

जेवताना तिनं तिथल्या गोष्टी सांगितल्या. परेड शिकवणाऱ्याला तिथं उस्ताद म्हणतात. पहिल्या परीक्षेत तिचा पंजा खाली गेला तेव्हा उस्ताद तिच्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "कॅडेट, जहाज कहाँ खड़ा किया है?" सगळी तुकडी हसली. तेव्हापासून पोरी तिला कॅप्टन म्हणतात, जहाजाची कॅप्टन. सांगताना ती हसली, ही पण हसली. मी ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या सकाळी मी ठरवलं की बिघाड मी केला तर दुरुस्तही मीच करणार. मात्र माझ्या पद्धतीनं. स्वयंपाकी माणूस, मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे की पदार्थ शिजला का नाही. घराशेजारी आमची एक खोली आहे, खतं आणि पाइप ठेवायची. तिची बाहेरची भिंत नवरात्राआधी हिनं चुन्यानं पांढरी करून घेतली होती. नातीला मी त्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. आर्मीचा सल्यूट नीट झाला तर हात खांद्याच्या रेषेत येतो आणि पंजाची मागची बाजू पूर्ण भिंतीला लागते. नेव्हीसारखा झुकला तर फक्त कड लागते. मी वाटीत गेरू कालवला आणि तिच्या पंजाच्या मागच्या बाजूला फासला. म्हटलं, कर.

हात गेला. भिंतीवर नुसती लाल रेघ.

पुन्हा. पुन्हा रेघ. तिसऱ्या खेपेला बोटांची हाडं उमटली.

ही आतून आली, भिंत बघितली, माझ्याकडे बघितलं. दिवाळी तोंडावर आली आहे आणि हे काय चालवलंय, असं तिच्या तोंडावर स्पष्ट होतं. पण नातीचा हात बघून ती परत गेली आणि थोड्या वेळानं आणखी एक वाटी गेरू आणून ठेवला.

चार दिवसांत भिंत भरली. एका बाजूला रेघा, दुसऱ्या बाजूला पंजे. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर. मग आम्ही अचानक घ्यायला लागलो. ही भाकरी थापता थापता म्हणायची, साहेब आले, आणि पोरगी ताटावरून उठून, टोपी चढवून, तळवा उघडा करून उभी. केळी तोडायला आलेल्या माणसांना सांगून ठेवलं होतं, ते पानांतून एकदम बाहेर यायचे. एकदा शेजारची म्हातारी पीठ मागायला आली, तिलाही सल्यूट मिळाला. ती घाबरून दारातच बसली. पण हात बरोबर होता. सगळ्यांसमोर हात बरोबर होता.

मला वाटलं, झालं. पाचव्या दिवशी ती बांधावरून पळून परत येत होती. मी केळीच्या आडोशाला उभा होतो. ती जवळ आली तसा मी खाकरलो आणि समोर आलो.

पंजा खाली.

दोघंही तिथंच उभे राहिलो. ती हाताकडे बघत होती, जणू दुसऱ्याचाच हात आहे. मी म्हटलं, थकली असशील, पुन्हा. पुन्हा खाली. संध्याकाळी तीनदा, दुसऱ्या सकाळी दोनदा. हिच्यासमोर बरोबर, गड्यांसमोर बरोबर, माझ्यासमोर आली की चौदा वर्षांचा हात.

त्या दुपारी ओट्यावर बसलो होतो. नात चिडली होती. अशी चिडली की बोलत नाही, पायानं माती उकरते. हिनं तिला विचारलं, "अकादमीत सगळ्यांसमोर चुकतेस, की कुणा एकासमोर?"

तिनं विचार केला. मग म्हणाली, "जास्त करून सुभेदारसाहेबांसमोर. न सांगता घेतात ती परीक्षा तेच घेणार."

"दिसायला कसे आहेत?"

"म्हातारे आहेत. रिटायर व्हायला आलेत. पांढऱ्या मिशा." आणि ती थांबली. "चालताना खाकरतात."

ही माझ्या मिशांकडे बघत होती. मी दुसरीकडे बघत होतो.

"पोरीचा हात कधीच सुधारलाय," ही म्हणाली. "आता तुमचा वळवा."

मला समजलं होतं. तिला नवा हात बसवायचा तर जुना हात ज्याच्यासमोर बसला त्याच्यासमोरच बसवायला हवा. रोज दारात ती करणार, आणि मी घेणार, आणि घेताना मलाही तळवा उघडावा लागणार. कारण मी नेव्हीचा हात वर केला की तिचा त्याच्या मागोमाग जाणारच. हे सगळं मला समजलं आणि मी नाही म्हणालो. पंधरा वर्षं नोकरी केलेला आणि त्यानंतर चाळीस वर्षं जपलेला हात आहे हा. या हातानं मी जहाजावर चढत्या झेंड्याला सल्यूट केला. आर्मीवाल्याचा सल्यूट मी करणार नाही. इतकंच बोललो आणि मळ्यात निघून गेलो.

दोन दिवस घरात माझ्याशी कुणी भांडलं नाही. त्यानं जास्त त्रास होतो.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखा पुढच्या ओट्यावर बसलो होतो. आता पोरगी पळायला निघेल म्हणून वाट बघत होतो. उजाडलं, ती आली नाही. वाटलं झोपली असेल. मग गोठ्याच्या बाजूनं कुत्रं भुंकलं. उठून बघितलं तर ती मागच्या दारानं बाहेर पडून, गोठ्याला वळसा घालून, रस्त्याला लागली होती. बूट हातात घेऊन गेली होती, आवाज होऊ नये म्हणून. पुढच्या दारात मी असतो. माझ्यासमोरून गेली की हात बिघडतो.

चौदा वर्षं ज्या पोरीला मी पुढच्या दारातून ताठ मानेनं बाहेर जायला शिकवलं, ती माझ्यापायी मागच्या दारानं चोरासारखी गेली.

मी खुंटीवरची टोपी घेतली, माझी रोजची पांढरी गांधी टोपी, आणि खोलीच्या भिंतीकडे गेलो. वाटीत कालचा गेरू वाळला होता. पाणी घालून सारखा केला. हाताला फासला, भिंतीला पाठ लावली आणि हात वर केला.

रेघ. ठळक, सरळ, नेव्हीची रेघ.

तळवा वळतच नव्हता. खांदा दुखला, कोपर दुखलं, मनगट तर ऐकायलाच तयार नाही. मी माझ्या तळव्याकडे बघितलं. त्यावर अंगठ्याच्या बुडाशी तेलाचा जुना डाग आहे, भाजल्याचा. जहाज कललं तेव्हा कढईतलं उसळलं होतं. बाकी स्वच्छ हात. काजळी जाऊन चाळीस वर्षं झाली. मग मी हा तळवा कुणापासून लपवतोय?

सतरा-अठरा रेघा झाल्या असतील. मागून आवाज आला.

"आबा, रेघ."

ती पळून आली होती, घामानं निथळत होती, बूट पायात होते. किती वेळ उभी होती माहीत नाही. मी हात खाली घेतला. तिनं हसायला नको होतं आणि ती हसली नाही. जवळ आली, माझं कोपर धरून मागं नेलं, मनगट सरळ केलं, बोटं जुळवली. मग उस्तादांच्या आवाजात म्हणाली, "जहाज बाजूला लावा, आबा. कोपर मागे. अंगठा बोटांना चिकटवा."

मी म्हटलं, आबांना असं बोलतात का?

ती म्हणाली, "परेडवर आबा नसतात."

त्या दिवशी संध्याकाळी हिनं माझ्या खांद्याला तिळाचं तेल गरम करून चोळलं. चोळताना एकदा तिनं माझा हात वर करून तळवा बाहेर वळवून बघितला, कणीस सोलून बघावं तसा. आणि म्हणाली, वळतोय की.

सुट्टीचे चार दिवस उरले होते. पहिल्या सकाळी ती पुढच्या दारातून निघाली. तिनं केला, मी घेतला. तिचा पंजा खाली, माझा अर्धा. दुसऱ्या सकाळी माझा उघडा, पण तिचा मध्येच अडकला आणि मग वळला. तिसऱ्या सकाळी मी मुद्दाम खाकरलो. तिनं माझ्याकडे बघितलं. मी आधी तळवा दाखवला. तिचा हात आला तो सरळ उघडा आला.

चौथ्या दिवशी तिची गाडी होती. रिक्षा रस्त्यावर उभी. ती बॅग पाठीला लावून दारात आली, टोपी सारखी केली. मी समोर उभा राहिलो. आम्ही दोघांनी एकाच वेळी केलं, आणि दोघांचेही तळवे एकमेकांना दिसत होते. तिच्या बोटांच्या कडा गेरूनं अजून थोड्या लालसर होत्या, माझ्याही.

रिक्षात बसताना तिनं सांगितलं, "आबा, भिंत धुऊ नका. परीक्षेत हात विचार करून उठेल. विचार न करता उठेल त्या दिवशी मी सांगते."

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. या वेळी तिनं आजीला मागितलं नाही. ती जेवणघराकडे चालली होती, सुभेदारसाहेब झाडामागून आले आणि खाकरले. हात उघडा गेला. त्यांनी सगळ्या बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "जहाज डूब गया, कॅडेट?" ती म्हणाली, नाही साहेब, किनाऱ्याला लागलं. यावर तिला मैदानाच्या दोन फेऱ्या पडल्या, उलट बोलल्याबद्दल. पण पास झाली.

दिवाळी आली. गावातल्या सगळ्या भिंती पांढऱ्या झाल्या, आमची एक लाल राहिली. लोक विचारायचे, नेव्हीवाले, हे काय? मी सांगायचो, काम चालू आहे.

शेवटच्या परेडला आम्ही दोघं गेलो, मी आणि ही. मुलगा आणि सून विशाखापट्टणमहून आले, मुलगा पांढऱ्याशुभ्र वर्दीत. मी कोट घातला आणि माझी दोन पदकं लावली. परेड झाल्यावर आई-बापांनी पोरांच्या खांद्यावरच्या ताऱ्यांवरची पट्टी काढायची असते. सुनेनं एका खांद्यावरची काढली, मुलानं दुसऱ्या. मग मुलगा दोन पावलं मागं सरला, टाचा जुळवल्या आणि आपल्या पोरीला सल्यूट केला. नेव्हीचा, पंजा खाली. बरोबरच आहे, तो नेव्हीचा माणूस. मी तिच्या हाताकडे बघत होतो. बापाचा खाली झुकलेला पंजा समोर होता, आणि पोरगी जराही न ढळता उभी होती. तिचा हात उघडा गेला. मुलाच्या डोळ्यात पाणी आलं, ते त्यानं वारा लागला म्हणून सांगितलं. मी तिला विचारलं, विचार करून गेला का? ती म्हणाली, हो आबा. आज शंभर वेळा मनात घोकला होता.

तिला रसदीकडे घेतलं. फौजेला धान्य, भाजी, तेल, रॉकेल पोचवणारा विभाग. मी म्हटलं, म्हणजे माझ्याच खात्यात आलीस. ती म्हणाली, हो, फक्त तुम्ही शिजवायचात, मी मोजते.

पहिली नेमणूक डोंगरात झाली, थंडीत. आमच्याकडे ऊन तापायला लागलं होतं आणि तिच्याकडे पाण्याच्या बादलीवर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरायचा. तिथून पहिला फोन पाच दिवसांनी आला, संध्याकाळी. आवाज तुटत होता. आधी राहायच्या जागेचं सांगितलं, मग हाताखालच्या माणसांचं. एकजण तिच्या बापापेक्षा मोठा होता आणि तिला मॅडम म्हणताना अडखळायचा, तिलाही अडखळायला व्हायचं. मग म्हणाली की आज पहिल्यांदा लंगर बघायला गेले. लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर. अफसरानं जाऊन चव बघायची असते.

"आबा," ती म्हणाली, "चुलीपाशी एक म्हातारा स्वयंपाकी होता. अंगात एप्रन, हातात मोठा डाव, मिशा पांढऱ्या. धुरामुळं खाकरत होता. मी आत गेले तसा त्यानं डाव खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि सल्यूट केला. अगदी तुम्हीच उभे होतात."

मी विचारलं, आणि?

"हात कधी गेला मला कळलंच नाही. उघडा गेला. खाली आल्यावर कळलं की गेला होता."

मग मी विचारलं, वरण कसं होतं?

"मीठ कमी होतं," ती म्हणाली. "पण मी त्यांना तसं म्हटलं नाही. म्हटलं, आमच्या घरी थोडं जास्त लागतं."

मी म्हटलं, बरोबर सांगितलंस. स्वयंपाक्याला तसंच सांगायचं असतं.

फोन ठेवला. ही शेजारी बसून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, आता तरी माझी भिंत मला मिळेल का?

जहाजावर आम्हाला एक शिस्त होती. शेवटचा माणूस जेवून उठला की भांडं तसंच ठेवायचं नाही, कितीही थकलेले असलो तरी घासून उलटं ठेवायचं, तेव्हा काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. बादलीत चुना भिजवला, त्यात थोडी नीळ घातली. आधी नातीचे पंजे पांढरे केले. मग तिच्या रेघा. माझ्या रेघा कडेला एका कोपऱ्यात होत्या, त्या शेवटी. गेरू हट्टी असतो, दोन हात द्यावे लागले. मग कुंचला धुतला, बादली घासून भिंतीपाशी उलटी ठेवली आणि केळीला पाणी सोडायला गेलो.